ग्रामपंचायतीचा निकाल मान्य नाही? कोर्टाची पायरी चढण्याआधीचे प्रश्न

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवसापासून तालुक्याच्या कोर्टात वकिलांच्या टेबलांभोवती पडलेल्या पॅनेलची माणसं दिसायला लागतात. राग ताजा असतो, मोबाइलमध्ये चार व्हिडिओ असतात आणि सोबत आलेल्या प्रत्येकाचा वेगळा सल्ला असतो. खालचे प्रश्न त्या टेबलांवर हमखास विचारले जातात. उत्तरं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपुरती आहेत. नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेचा थोडा उल्लेख शेवटाकडे येईल.

निकालाला आव्हान नेमकं कुठे द्यायचं?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली, तुमच्या भागाच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. तिथे कनिष्ठ स्तर न्यायालय नसेल तर वरिष्ठ स्तराकडे. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी किंवा राज्य निवडणूक आयोग यांना जाहीर झालेला निकाल फिरवता येत नाही. हे स्पष्ट सांगायचं कारण म्हणजे पहिला आठवडा बहुतेक लोक निवेदनं देण्यात घालवतात. तहसील कार्यालयात निवेदन, त्याची पोच, मग जिल्ह्याला निवेदन, मग पत्रकार परिषद. निवेदन द्यायला हरकत नाही, पण त्याने मुदत थांबत नाही.

मुदत किती?

निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवस. निकालाचा दिवस धरायचा नाही, त्याच्या पुढच्या दिवसापासून मोजायचं. पंधरावा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज दाखल करता येतो. पण शहाण्या माणसाने त्या भरवशावर राहू नये. आजारपण, वकील गावाला गेले, कागद मिळाले नाहीत, अशी कारणं सांगून उशीर माफ होईल असं गृहीत धरूच नका. निवडणुकीला आव्हान देण्याचा हक्क कायद्याने दिला तेवढाच आणि तसाच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ज्योती बसू विरुद्ध देबी घोषाल या १९८२ च्या निकालात ठामपणे सांगितलं आहे.

यातच एक सापळा आहे. बरेच जण म्हणतात, "आधी माहिती अधिकारात कागद काढू, मग केस टाकू." माहिती अधिकारात उत्तर द्यायलाच ३० दिवसांची मुदत असते. तोवर तुमचा अर्ज मेलेला असतो. निकालाचा तक्ता आणि उमेदवारी अर्ज यांच्या नकलांसाठी लगेच नक्कल अर्ज करा. नक्कल मिळाली नाही तर नक्कल अर्जाची पोच जोडून याचिका दाखल करा आणि मूळ कागद कोर्टामार्फत मागवा.

अर्ज कोण करू शकतो? मी उमेदवार नव्हतो.

उमेदवार करू शकतो, आणि त्या निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेला मतदारही. दुसऱ्या प्रभागातल्या मतदाराने उगाच पुढे होऊ नये. त्या एकाच मुद्द्यावर वर्षभर वाद चालतो आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते.

सरळ हायकोर्टात गेलो तर लवकर होईल ना?

नाही. राज्यघटनेचं अनुच्छेद २४३-ओ आणि आपल्या कायद्याचं कलम १५-अ, दोन्ही सांगतात की पंचायतीच्या निवडणुकीला ठरलेल्या निवडणूक याचिकेखेरीज दुसऱ्या मार्गाने आव्हान देता येत नाही. तत्त्व जुनं आहे. पोन्नुस्वामी प्रकरणात १९५२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निवडणूक एकदा सुरू झाली की मध्येच कोर्टाने हात घालायचा नाही. जे काही म्हणणं असेल ते निकालानंतर याचिकेत मांडायचं.

उमेदवारी अर्ज छाननीत चुकीने बाद झाला असेल तरी हेच लागू. माणूस कळवळून सांगतो, "साहेब, माझा अर्ज सहीच्या कारणावरून उडवला, निवडणूक थांबवा." निवडणूक थांबत नाही. मात्र छाननीच्या वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दिलेला लेखी आदेश त्याच दिवशी हातात घ्या. पुढे याचिकेचा पाया तोच असतो.

दोन मतांनी पडलो. फेरमतमोजणी मिळेलच ना?

मिळेलच असं नाही. फरक किती कमी आहे एवढ्यावर कोर्ट फेरमोजणीचा आदेश देत नाही. दोन मतांनी पडलेला प्रत्येक जण फेरमोजणी मागणारच. कोर्ट विचारतं ते वेगळं: मोजणीत चूक झाली म्हणता, तर ती नेमकी कोणती, कोणत्या केंद्रावर, कोणत्या फेरीत, किती मतांची? राम सेवक यादव प्रकरणात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मतपत्रिका उघडायच्या तर याचिकेत ठोस तपशील हवेत. "मला संशय आहे, पेट्या उघडा, मग पुरावा सापडेल" असं चालत नाही. मतदानाची गुप्तता हे त्यामागचं कारण.

तमिळनाडूतल्या एका पंचायत अध्यक्षाच्या निवडणुकीत तर फेरमोजणी झाली आणि आकडे याचिकाकर्त्याच्या बाजूने फिरलेही. तरी १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकवला नाही. फेरमोजणीला आधी आधार लागतो, फेरमोजणीतून निघालेला आकडा हा मागाहून तिचा आधार होत नाही, हा त्याचा अर्थ. ऐकायला कठोर वाटतं, आणि मला स्वतःला तो निकाल जरा जास्तच कठोर वाटतो. पण याचिका लिहिताना तो डोळ्यांसमोर ठेवावाच लागतो.

दुसरी बाजूही बघा. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. एका केंद्रावरच्या आकड्यांवरून वाद पेटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै २०२५ च्या शेवटी न्यायालयाने मतदान यंत्रं दिल्लीला मागवली, ऑगस्टमध्ये रजिस्ट्रारसमोर सगळ्या केंद्रांची मतं चित्रीकरणात मोजली गेली आणि पराभूत ठरलेला उमेदवार ५१ मतांनी पुढे निघाला. तिथे "मोजणी चुकली" एवढंच मोघम म्हणणं नव्हतं, केंद्र कोणतं ते नेमकं सांगितलेलं होतं. आणि हेही लक्षात घ्या, न्याय मिळाला तेव्हा पाच वर्षांपैकी पावणेतीन वर्षं संपली होती.

मोजणीतली चूक दाखवायची कशी? कागदावर काय बघू?

आपल्याकडे एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडून येतात आणि मतदाराला जितक्या जागा तितकी मतं देता येतात. घोळ इथेच होतात. समजा प्रभागात तीन जागा आहेत आणि केंद्राध्यक्षाच्या हिशोबाच्या नमुन्यात ६१२ जणांनी मतदान केल्याची नोंद आहे. आता एकेक जागा वेगळी घ्या. त्या जागेच्या सगळ्या उमेदवारांची मतं आणि नोटाची मतं यांची बेरीज करा. ती ६१२ पेक्षा जास्त येता कामा नये. कमी आली तर गडबड असेलच असं नाही, कारण काही मतदार एखाद्या जागेचं बटण दाबतच नाहीत. पण ६१९ आली तर तो प्रश्न खरा आहे. मग बघा, केंद्राच्या नमुन्यातला यंत्राचा क्रमांक आणि मोजणीच्या टेबलावर आलेल्या यंत्राचा क्रमांक एकच आहे का. तुमच्या पोलिंग एजंटने मतदान संपताना घेतलेली हिशोबाची प्रत इथे उपयोगी पडते. ती बऱ्याच एजंटांनी घेतलेलीच नसते, किंवा चहाच्या टपरीवर विसरलेली असते.

मोजणीच्या वेळी हरकत घ्यायची ती लेखी. प्रतिनिधीने आरडाओरडा केला, पोलिसांनी बाहेर काढलं, याला काही किंमत नाही. साध्या कागदावर चार ओळी लिहून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्या. घेत नसतील तर ते घेत नाहीत असंही लिहून ठेवा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत आपल्याकडे व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या, चिठ्ठ्या नसतात, म्हणून यंत्र हाच मूळ पुरावा. यंत्रं जपून ठेवण्याचा आदेश मागणारा अर्ज याचिकेसोबत पहिल्याच दिवशी द्या. पुढच्या कुठल्या निवडणुकीसाठी यंत्र रिकामं केलं गेलं की मोजायला काहीच उरत नाही.

अधिकाऱ्यानेच गडबड केली तर?

नुसत्या अधिकाऱ्याच्या चुकीने किंवा कार्यपद्धतीतल्या अनियमिततेने निवडणूक रद्द होत नाही, असं कलम १५ मध्येच आहे. त्यात भ्रष्ट हेतू असला पाहिजे. मतदान अर्धा तास उशिरा सुरू झालं, फलक नीट लावला नव्हता, असल्या मुद्द्यांनी याचिका जाड होते पण भक्कम होत नाही.

हेतू उघड असेल तर काय होतं ते चंदीगडच्या महापौर निवडणुकीत देशाने पाहिलं. ३० जानेवारी २०२४ ला ३६ मतांपैकी ८ मतं बाद ठरवून निकाल १६ विरुद्ध १२ असा जाहीर झाला. मतदान अधिकारी मतपत्रिकांवर खुणा करताना कॅमेऱ्यात दिसत होता. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती आठही मतं वैध धरून पराभूत ठरवलेल्या उमेदवाराला महापौर घोषित केलं. पण या उदाहरणावर भिस्त ठेवून कोणी थेट दिल्लीची तिकिटं काढू नयेत. तिथे न्यायालयाने अनुच्छेद १४२ चे खास अधिकार वापरले होते.

मयत लोकांच्या नावावर मतदान झालं. यादीच बोगस होती.

हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि याचिकेत ते एकत्र कालवले की दोन्ही जातात. यादीत नाव चुकीचं आलं, दुसऱ्या गावचे लोक घुसवले, ही तक्रार यादीवर हरकती मागवतात तेव्हा करायची असते. यादी अंतिम झाल्यावर, ज्याचं नाव यादीत आहे त्याला मतदानाचा हक्क आहे असंच धरलं जातं.

मयताच्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं, हा मात्र मतमोजणीवर परिणाम करणारा मुद्दा आहे. त्यासाठी यादीतला अनुक्रमांक, ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यू नोंदवहीचा उतारा आणि केंद्रावर खुणा केलेली मतदार यादी, हे तिन्ही जुळले पाहिजेत. अशी तीन मतं सिद्ध झाली आणि तुम्ही ४० मतांनी पडला असाल तर हाती काय लागणार, हा हिशोब आधी घरी करा.

पैसे वाटले हे सगळ्या गावाला माहीत आहे!

सगळ्या गावाला माहीत असतं आणि साक्षीला कोणी येत नाही. मत मिळावं म्हणून पैसे किंवा वस्तू देणं, धमकावणं, मतदारांची ने-आण करायला गाड्या लावणं हे कलम १५ खाली भ्रष्ट आचरण आहे. सिद्ध झालं तर निवड रद्द होते आणि त्या जागेच्या पुढच्या फेरनिवडणुकीसाठीही तो उमेदवार अपात्र ठरतो. परिणाम इतका जबर, म्हणून पुरावाही जवळपास फौजदारी खटल्याइतका कडक लागतो. कोणी, कोणाला, कुठे, कधी, किती दिले, हे याचिकेत लिहावं लागतं. "सामनेवाल्याने वस्तीवर पैसे वाटले" हे वाक्य उलटतपासणीत दोन मिनिटं टिकत नाही.

मोबाइलवरच्या व्हिडिओबद्दल विशेष सांगायला हवं. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली क्लिप पेन ड्राइव्हमध्ये घालून दिली म्हणजे पुरावा झाला नाही. मूळ उपकरण हजर करा, नाहीतर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडा. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. गंमत म्हणजे या विषयावरचे दोन्ही मोठे निकाल निवडणूक याचिकांतूनच आले. पहिला केरळमधला अन्वर विरुद्ध बशीर, २०१४. दुसरा आपल्या जालन्याचा, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. जालन्यात २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला होता का, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर सगळं अडलं होतं. म्हणून ज्याने शूटिंग केलं त्याला पहिल्याच आठवड्यात गाठा, फोन बदलू नको म्हणून सांगा.

निवडून आलेल्याने सरकारी जागेवर अतिक्रमण केलंय, तिसरं अपत्य आहे. कलम १५ मध्ये टाकू का?

इथे बहुतेकांचा दरवाजा चुकतो. हे कलम १४ चे अपात्रतेचे मुद्दे आहेत आणि त्यासाठी कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तिथे १५ दिवसांची अट नाही. निवडीच्या वेळी असलेली अपात्रताही चालते आणि नंतर ओढवलेलीही. कोर्टाची मुदत हुकल्यावर रडत बसलेल्या कितीतरी लोकांचा खरा मुद्दा हाच असतो आणि त्यांना तो माहीतच नसतो.

अतिक्रमण स्वतः सदस्याने केलेलं असलं पाहिजे की कुटुंबाच्या अतिक्रमणात राहणंही पुरेसं, यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल होते. जनाबाई प्रकरणात सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते संपवलं. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेत राहणारा सदस्यही अपात्र ठरतो. पुरावा म्हणून मोजणीचा नकाशा, गाव नमुना आठचा उतारा, पंचनामा लागतो. शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र एकटं पुरत नाही. अपत्यांच्या बाबतीत १२ सप्टेंबर २००१ नंतरचा जन्म बघतात, म्हणून शाळेचा दाखला आणि जन्मनोंद दोन्ही काढा. घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीत मागणीचं बिल खरोखर बजावलं होतं का, यावरच सगळं ठरतं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात बिलाची पोच सापडत नाही, आणि अर्ज तिथेच संपतो.

राखीव जागेवर निवडून आलेल्याने ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही, तर तेही प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातं.

पण एक फरक नीट समजून घ्या. अपात्रतेने जागा रिकामी होते, पोटनिवडणूक लागते. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला खुर्ची मिळत नाही. मतमोजणीच्या वादात कलम १५ खाली न्यायाधीश जास्त वैध मतं असलेल्याला थेट निवडून आल्याचं घोषित करू शकतात.

प्रतिज्ञापत्रात गुन्हे लपवले असतील तर?

दखल घेण्याजोगा मुद्दा आहे. तमिळनाडूतल्या पंचायत अध्यक्षाच्याच प्रकरणात, कृष्णमूर्ती विरुद्ध शिवकुमार, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांची माहिती दडवणं म्हणजे मतदारांवर अनुचित प्रभाव टाकणं असं म्हटलं. एफआयआर नुसता असून भागत नाही, कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतली होती का ते तपासा.

सरपंच किंवा उपसरपंच निवडीच्या बैठकीत घोळ झाला.

सदस्य आपल्यातून निवड करतात त्या निवडीचा वाद कलम ३३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, तोही १५ दिवसांत. त्यांच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांकडे अपील. थेट जनतेतून सरपंच ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. त्यामुळे तुमच्या गावची निवडणूक कोणत्या पद्धतीने झाली ते बघूनच जुने निकाल वापरा.

बिनविरोध निवडीसाठी पदाचा लिलाव झाला होता.

पुरावा घेऊन निकालाआधीच राज्य निवडणूक आयोगाकडे जा. जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक प्रक्रिया याच कारणावरून रद्द केली होती.

कोर्टाच्या तपासणीत दोघांची मतं सारखी निघाली तर?

न्यायाधीशांसमोर चिठ्ठी. जिचं नाव निघेल तिला किंवा त्याला एक मत वाढवून विजयी घोषित करतात. हसू नका. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका प्रभागात दोघांना ५,९४६ मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठीवर ठरला.

याचिकेत कोणाला सामनेवाले करायचं?

निवडून आलेल्याला तर करायचंच. स्वतःला विजयी घोषित करा अशी मागणी असेल तर त्या जागेचे सगळे उमेदवार जोडा, अनामत जप्त झालेलेसुद्धा.

मध्येच गावात मिटलं तर केस काढून घेता येते?

मनात आलं म्हणून नाही. तडजोड असो, माघार असो की अर्जातली दुरुस्ती, ती प्रामाणिक आहे आणि संगनमताने केलेली नाही अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. निवडणूक हा दोन माणसांतला बांधाचा वाद नाही, त्यात मतदारांचाही हिस्सा आहे, असं कायदा धरतो. पुढच्या जत्रेच्या कमिटीवर घेतो म्हणून याचिका मागे घ्यायला लावणारे कमी नाहीत, त्यांना ही तरतूद आवडत नाही.

निकाल लागेपर्यंत किती काळ? तोवर तो पदावरच राहणार?

हो, राहणार. नुसती याचिका दाखल झाल्याने पद जात नाही. काळाचं म्हणाल तर जालन्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा ती विधानसभा संपून पुढची निवडणूकही झाली होती. वेळ वाचवायचा तर साक्षीदार थोडे ठेवा, मुद्दे दोन-तीनच घ्या आणि तारखा स्वतः मागू नका. दिवाणी न्यायाधीशांचा निर्णय कायद्याने अंतिम मानला आहे, नेहमीसारखं अपील नाही. हायकोर्टात अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या कोर्टांवरच्या देखरेखीच्या अधिकारात, जाता येतं, पण तिथे साक्षीपुरावे नव्याने तपासत नाहीत. थोडक्यात, सगळी लढाई तालुक्यालाच होते.

नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद?

त्यांचे कायदे वेगळे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी १५ दिवस, जिल्हा न्यायाधीशांकडे. नगरपालिका आणि महानगरपालिकांना मुदत आणखी तुटपुंजी, १० दिवस. मुंबईत हा अर्ज लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जातो.

याचिका कधी करूच नये?

फरक मोठा आहे आणि मुद्दे किरकोळ आहेत तेव्हा. साक्ष द्यायला स्वतःच्या घरचेच तयार नाहीत तेव्हा. आणि नुसतं समोरच्याला पाच वर्षं कोर्टात फिरवायचं म्हणून तर नाहीच. तो फिरतो, पण प्रत्येक तारखेला तुम्हीही त्याच एसटीत असता.

मी पडलो, तरी खर्चाचा हिशोब द्यायचा?

द्यायचाच, ३० दिवसांच्या आत. जिंकलेल्याइतकाच पडलेल्यालाही हा नियम लागू आहे. हिशोब दिला नाही तर कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. याचिकेच्या धावपळीत लोक हेच विसरतात, आणि कोर्टाने निवडणूक रद्द करून फेरनिवडणूक लावली तरी स्वतःचाच अर्ज भरता येत नाही अशी वेळ येते. हिशोब दाखल केल्याची पोच याचिकेच्याच फाइलमध्ये लावून ठेवा.